अण्णा तांबवेकरांचं ‘नको’

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी अण्णा तांबवेकर कामावर गेले. दुपारी ते लेथपाशी खाली बसले. कारखान्याच्या गाडीतून त्यांना स्टुटगार्टला नेलं. संध्याकाळी त्यांच्या घरमालकिणीने मला निरोप दिला, की ते गेले.

त्याला आता काही वर्षं झाली. इतक्या उशिरा लिहायचं कारण एवढंच, की जेव्हा जेव्हा कागद पुढे घेतला तेव्हा दुःखाआधी राग आला. गेलेल्या माणसावर रागावू नये असं मानणाऱ्या घरात मी वाढलो. पण राग वगळून अण्णांविषयी लिहिलं, तर कागदावर उतरेल तो कुणीतरी दुसराच सज्जन गृहस्थ. अण्णा सज्जन होते हे खरंच. त्यांच्याबरोबर राहणाऱ्याला त्याचा फार त्रास व्हायचा.

अण्णा कऱ्हाडचे. युद्धाच्या काळात वायुदलाच्या कार्यशाळेत इंजिनं उघडत-जोडत होते. नंतर यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीने त्यांना शिकायला जर्मनीत पाठवलं. शिकणं संपलं आणि अण्णा तिथेच राहिले. बायको लग्नानंतर लवकर गेली होती, मूल नव्हतं, कऱ्हाडला एक धाकटा भाऊ. गेर्लिंगेनच्या चढावर एका विधवाबाईंकडे त्यांची खोली होती. मी स्टुटगार्टला डॉक्टरेटसाठी आलो त्या पहिल्या दिवाळीत आमची ओळख झाली. मी पुस्तकांतून मान वर काढत नाही म्हणून त्यांनी मला ‘ग्रंथपाल’ म्हणायला सुरुवात केली, ते शेवटपर्यंत.

बुटके, मनगटांनी रुंद, रविवारीसुद्धा टाय लावणारे. रस्त्याने चालताना मध्येच थांबायचे, मान तिरकी करायचे आणि समोरून गेलेल्या मोटारीविषयी म्हणायचे, “टॅपेट वाजतोय बघ.” दारात कुणी बरोबर असेल तर आधी त्याला आत सोडायचे. जर्मन माणूसही शिष्टाचाराने दार धरून उभा राहायचा. मग दोघं दारात, आणि आत येणाऱ्या थंडीने वैतागून कुणीतरी आतून ओरडायचं. स्वतःची कुठलीही चांगली गोष्ट पुढे करताना ते आधी तिचं वैगुण्य सांगायचे. चहाचा कप हातात देताना, “जरा पांचट झालाय.” आणि पहिल्याच भेटीत, बोलता बोलता, “आमचं एक विमान आहे. तसं काही फार नाही. कापडाचंच आहे.”

मला वाटलं, थट्टा करताहेत.

विमान खरंच होतं. स्वित्झर्लंडहून विकत घेतलेलं जुनं, दोन माणसांचं, एकापुढे एक बसायचं. मालक चौघे: अण्णा, एक दंतवैद्य, एक बेकरीवाला आणि लांगे. हेर लांगे, म्हणजे श्रीयुत लांगे, अण्णांच्याच कारखान्यात फोरमन होते. धिप्पाड, मोठ्या आवाजाचे, ब्रेस्लाऊचे. ब्रेस्लाऊ युद्धानंतर पोलंडमध्ये गेलं आणि लांगे एक सूटकेस घेऊन इकडे आले. युद्ध हरल्यावर जर्मनांना दहा वर्षं इंजिनाचं विमान उडवायला बंदी होती. ती उठली तेव्हा या चौघांनी पैसे जमवून हे विमान आणलं. हिवाळाभर चौघे मिळून पंखांचं कापड बदलत, वार्निश लावत. अण्णांनी उडवण्याचा परवाना काढला होता. संध्याकाळी ते आपल्या मैदानाभोवती फेऱ्या मारायचे आणि खाली येऊन विमान पुसायचे.

एकदा अण्णांनी लांगेंना जेवायला बोलावलं. मीही होतो. क्वार्क नावाचं इथलं दही-पनीर फडक्यात टांगून अण्णा त्याचं श्रीखंड करायचे. लांगेंना ते आवडलं. एकदा वाढून घेतलं, पुन्हा घेतलं. तिसऱ्या वेळी त्यांनी ताटावर हात धरला. “नाइन, डांके.”

अण्णांनी हात अलगद बाजूला केला आणि वाढलं.

“नाइन, हेर तांबवेकर. खरंच.”

“लाजू नका हो,” अण्णा जर्मनमध्ये म्हणाले आणि आणखी एक डाव वाढला.

लांगेंच्या पिढीने उपाशी वर्षं काढली होती. ताटात टाकणं त्यांना जमत नसे. ते खात राहिले, अण्णा वाढत राहिले. शेवटी लांगे ताट हातात घेऊन उभेच राहिले. ट्रामच्या थांब्यापर्यंत मी त्यांना सोडायला गेलो तेव्हा त्यांनी पट्टा सैल केला आणि विचारलं, “मला एक सांगा. या माणसाला ‘नाइन’ हा शब्द कळत नाही का? कारखान्यात तर कळतो.”

मी हसलो. तेव्हा ती गोष्ट हसण्यासारखीच होती.

दर वर्षी फिंग्स्टन या उन्हाळ्याच्या तोंडावरच्या ख्रिस्ती सणाच्या जोडसुट्टीत छोट्या विमानांच्या मालकांचा मेळावा भरायचा. श्वेबिश आल्बच्या पठारावर एक गवताचं मैदान होतं. शनिवारी दिवसभर चारी दिशांनी विमानं यायची, दोऱ्या-खुंट्यांनी बांधून रांगेत उभी राहायची. बिअरचा तंबू, भाजलेले सॉसेज, कोण कुठल्या वाऱ्यात कसा उतरला यावर वाद. रविवारी दुपारपासून पांगापांग. आणि या मेळाव्याची एक रीत होती. विमान उतरून थांबलं की लाऊडस्पीकरवर वैमानिकाचं नाव पुकारायचे आणि त्याचं गाव. विमान कुठून आलं ते नव्हे, तर माणसाचं स्वतःचं, जन्माचं गाव.

मी पहिल्यांदा गेलो त्या वर्षी आमचं विमान लांगेंनी आणलं. अण्णा आणि मी बेकरीवाल्याच्या पावाच्या गाडीतून आलो होतो आणि बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीपाशी उभे होतो. भोंग्यातून आवाज आला, “लांगे. ब्रेस्लाऊ.” तंबूतली बाकं गप्प झाली. दोन-तीन माणसं उठून उभी राहिली. लांगे विमानातून उतरून सिगारेट पेटवत होते आणि ती काही केल्या पेटत नव्हती.

“ऐकलंस?” अण्णा म्हणाले. “गाव पुकारतात.”

मग सॉसेजच्या पावातली मोहरी पुसून काढत म्हणाले, “कऱ्हाड कसं म्हणेल रे हा?”

“वाईट म्हणेल.”

“म्हणू दे की. म्हटलं म्हणजे झालं.”

त्या क्षणापासून मला ठाऊक होतं अण्णांना काय हवं आहे. आणि ते किती सोपं होतं! विमानात त्यांचा चौथा हिस्सा होता, खिशात परवाना होता. मेळाव्याला विमान कुणी न्यायचं ते वसंताच्या सुरुवातीला गावातल्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे खाणावळीत, बसून ठरायचं. लांगे एकेकाला विचारायचे. त्या पुढच्या वर्षी मीही त्या टेबलाच्या कडेला बसलो होतो.

“हेर तांबवेकर, यंदा तुम्ही नेता का?”

अण्णांचा चेहरा उजळलेला मी पाहिला. आणि मग ते म्हणाले, “नाइन, नाइन. तुम्हीच न्या. मी काय, मागून येईन.”

“गूट,” लांगे म्हणाले आणि दंतवैद्याकडे वळले.

अण्णा वाट पाहत होते. ते हातातला ग्लास टेबलावर न ठेवता तसाच धरून बसले होते, कारण आता लांगे पुन्हा वळतील आणि म्हणतील, छे छे, असं कसं, या वेळी तुम्हीच. मग अण्णा म्हणतील, अहो राहू द्या. मग बेकरीवाला म्हणेल, आता जास्त आढेवेढे घेऊ नका. आणि मग अण्णा, नाइलाज झाल्यासारखे, हो म्हणतील. आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे उत्तर नसतंच. ते नुसतं तोंड उघडणं असतं. पण दंतवैद्याने ‘हो’ म्हटलं, लांगेंनी डायरीत लिहिलं आणि बिअर आली.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, “अण्णा, हो का नाही म्हणालात?”

“अरे, एकदा विचारल्यावर लगेच हो म्हणायचं? आधाशासारखं?”

“हे लोक दुसऱ्यांदा विचारत नाहीत.”

“विचारतील की. मनात असेल तर विचारतील.”

पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच, फक्त या वेळी अण्णांनी ‘नाइन’ जरा हळू म्हटलं, म्हणजे लांगेंना त्यातली फट दिसावी. लांगेंना आवाजातली फट दिसत नसे. त्यांना यंत्राच्या पट्ट्यातली केसाएवढी चीर दिसायची. मी तिथे बसून चरफडायचो. अण्णांचा राग यायचा, लांगेंचा यायचा, आणि दर फिंग्स्टनला आम्ही पावाच्या गाडीतून, यीस्टच्या वासात, मेळाव्याला जायचो. दोरीपाशी उभं राहून अण्णा लोकांची गावं ऐकायचे. श्टेटिन. डान्झिग. झ्युरिक. कधीकधी एखादं नाव स्वतःशी पुटपुटायचे.

एकदा लांगेंनीच मला गाठलं. “हे पाहा, तांबवेकरांना लांबच्या उड्डाणाची भीती वाटते का? तसं असेल तर मी विचारणं बंद करतो. माणसाला उगाच कानकोंडं करायचं नाही.”

मला राहवलं नाही. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. श्रीखंडाचंही सांगितलं. लांगे कपाळाला आठ्या घालून ऐकत होते.

“आल्झो, म्हणजे तेव्हा माझं ‘नाइन’ त्यांना ‘हो’ वाटलं. आणि त्यांचं ‘नाइन’ मला ‘नाइन’ वाटतं.”

“गेनाऊ. अगदी तसंच.”

“मग किती वेळा विचारायचं असतं?”

“तीनदा तरी.”

लांगे शिस्तीचे. पुढच्या बैठकीला त्यांनी अण्णांकडे तोंड करून खुर्ची सरळ केली, दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि विचारलं, “तुम्ही नेता का?” अण्णा नाइन म्हणाले. “तुम्ही नेता का?” अगदी त्याच स्वरात. अण्णांनी दचकून पाहिलं. “तुम्ही नेता का?” तिसऱ्या वेळी लांगेंनी माझ्याकडे नजर टाकली, बरोबर झालं ना, अशी. ती नजर अण्णांनी टिपली.

“नाइन,” अण्णा म्हणाले. या वेळी खरोखरचं. बेकरीवाल्याला काहीच कळलं नव्हतं, तो म्हणाला, “अरे, नको म्हणतोय ना तो, किती छळशील?”

परतताना चढावर अण्णा माझ्यापुढे चालत होते. मागे न वळता म्हणाले, “आग्रह शिकवून करायचा असतो होय रे?”

ते तसेच पुढे चालत राहिले.

“उद्या माझ्या मयतीला रडायलाही शिकवशील त्यांना.”

दोन आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत. मग एका रविवारी चिवड्याचा डबा घेऊन माझ्या खोलीवर आले. “जरा मऊ पडलाय,” म्हणाले आणि बसले.

त्यानंतरचं वर्ष. वसंतातली बैठक. लांगेंनी या खेपेला विचारलंच नाही. त्यांच्या हिशेबी प्रश्न निकालात निघाला होता: माणसाला तीनदा विचारलं, तीनदा नाही म्हणाला. त्यांनी डायरी उघडली आणि वाचलं, “जाताना मी. येताना डॉक्टर. ठीक?” डॉक्टर म्हणजे दंतवैद्य. ठीक, ठीक, असं झालं. पेन्सिल खिशात गेली.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अण्णा उभे होते. टायची गाठ हाताने चाचपत, शाळेत उभं केलेल्या मुलासारखे.

“मला न्यायचंय,” ते म्हणाले. “विमान. मला.”

लांगेंनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंदाआधी चीड आली. “मग सांगायचंत की! इतकी वर्षं आम्ही काय...” आणि पुढे न बोलता त्यांनी पेन्सिल काढून दोन्ही नावांवर काट मारली. “तांबवेकर. जाताना आणि येताना.”

अण्णांनी बिअर अर्धी टाकली. मला वाटलं होतं, बाहेर पडल्यावर ते खूश असतील.

“मागून घेतलं रे,” ते म्हणाले. “मागून घेतलेल्या जेवणाला चव असते का?”

“पण जेवण मिळालं ना, अण्णा!” मी जवळजवळ ओरडलोच. “मिळालं ना?”

“मिळालं की. तुला नाही कळायचं.”

मला कळत होतं. त्याचाच तर संताप होता. त्यांना मैदानावर नुसतं उतरायचं नव्हतं. त्यांच्यावाचून कुणाचं तरी अडावं, असं हवं होतं. आणि ते या देशात, ज्या माणसाला एकदा विचारून उत्तर घ्यायची सवय आहे त्याच्याकडून.

फिंग्स्टनच्या शनिवारी आम्ही निघालो. लांगे बायकोला घेऊन मोटारीने आदल्या दिवशीच पुढे गेले होते. अण्णा पुढे, मी मागे. कापडाच्या पंखांची फडफड आणि इंजिनाचा आवाज यांत बोलणं शक्य नव्हतं. अण्णांची मान मात्र तिरकी होती, इंजिन ऐकण्यासाठी. खाली द्राक्षांचे मळे, मग जंगल, आणि मग समोर आल्बची कडा दिसायला हवी होती तिथे ढग. पठाराचा माथाच नाहीसा झाला होता. अण्णांनी एक घिरटी घेतली. दुसरी घेतली. आमच्याखालून एक पिवळं विमान एका दरीत शिरलं आणि पलीकडे दिसेनासं झालं.

“तो गेला!” मी ओरडलो.

अण्णांनी मान हलवली आणि विमान वळवलं. परतीच्या वाटेवर त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. निर्णय बरोबर होता. मी मात्र विमानाच्या मागच्या खुर्चीत बसून, इतकी वर्षं साठलेलं सगळं, त्या ढगांना ऐकवत होतो.

आमच्या मैदानावरच्या झोपडीत टेलिफोन होता. दुपारनंतर तो वाजला. लांगे इतक्या मोठ्याने बोलायचे की अण्णांना रिसीव्हर कानापासून दूर धरावा लागला आणि मला शब्द न् शब्द ऐकू आला.

“कुठे आहात तुम्ही?”

“परत आलो. कडा दिसत नव्हती.”

“चांगलं केलंत. उद्या या.”

“उद्या काय, उद्या तर संपतंच. राहू द्या. पुढच्या वर्षी बघू.”

“पुढचं वर्ष गेलं खड्ड्यात! उद्या या. ढग जातील.”

“कशाला उगाच...”

“तांबवेकर! मी तुमच्यासाठी जागा धरली आहे. खुंट्या ठोकल्यात. काल रात्रीपासून लोकांना तिथे उभं राहू देत नाही, भांडणं झाली माझी. या हो! येताय ना?”

लांगे पलीकडे ‘हॅलो, हॅलो’ करत राहिले. “येतो,” अण्णा म्हणाले.

रिसीव्हर ठेवून ते त्या झोपडीतल्या बाकावर बसले. “ग्रंथपाल, हे शिकवलं होतंस तू?”

“नाही, अण्णा.”

“शपथ?”

“शपथ.”

रविवारी धुकं दुपारपर्यंत उठलं नाही. अण्णा कोट घालून तयार, विमानाभोवती फेऱ्या घालत. उठलं तेव्हा आम्ही लगेच निघालो. कडा स्वच्छ दिसत होती. मैदान दिसलं तेव्हा तिथून विमानं निघत होती, एकामागून एक. आम्हाला वर घिरट्या घालत थांबावं लागलं, जाणाऱ्यांना वाट द्यायला. मग अण्णांनी विमान उतरवलं, एक लहानशी उडी घेऊन. गवतात रिकाम्या खुंट्यांच्या रांगा होत्या. तंबू उतरवत होते. लाऊडस्पीकरची तार एक माणूस कोपरावर गुंडाळत होता आणि भोंगा गाडीत ठेवलेला होता.

लांगे धावत आले. अण्णांचा हात दोन्ही हातांत घेतला. “आलात! आणि ऐका, तुमचं नाव काल पुकारलं. मी आधीच चिठ्ठी देऊन ठेवली होती ना, त्याने क्रमाने वाचून टाकली. तांबवेकर, कऱ्हाड, इंडिएन. सगळ्यांनी वर पाहिलं. मी पण!” ते हसले. “वर कुणीच नव्हतं.”

अण्णा त्यांच्याकडे पाहत राहिले. “कसं म्हणाला तो?”

लांगेंनी विचार केला. “मोठ्याने,” ते म्हणाले.

मला रडावं की ओरडावं कळेना. मी तार गुंडाळणाऱ्या माणसाकडे गेलो आणि म्हटलं, एकदा, फक्त एकदा पुन्हा म्हणा. तो म्हणाला, बॅटरी उतरवली आहे, आणि ऐकायला आहे कोण? परत आलो तेव्हा अण्णा आणि लांगे तंबूच्या उरलेल्या एका बाकावर बसले होते. लांगेंनी त्यांच्यासाठी केकचा एक तुकडा कागदात राखून ठेवला होता. “जरा वाळलाय,” लांगे म्हणाले. अण्णांनी तो सगळा खाल्ला.

संध्याकाळ व्हायच्या आत निघायला हवं होतं. रात्री पडलेल्या पावसाने गवत ओलं होतं, धावपट्टी आखूड. अण्णा म्हणाले, विमान हलकं बरं, ग्रंथपाल मोटारीने येईल. लांगेंनी आभाळाकडे पाहिलं, मग अण्णांच्या चेहऱ्याकडे. “तुम्ही दमला आहात,” ते म्हणाले. “मी नेतो विमान. तुम्ही माझ्या बायकोबरोबर गाडीत बसा, झोपा जरा.”

“नाइन,” अण्णा म्हणाले.

“गूट,” लांगे म्हणाले आणि मोटारीच्या किल्ल्या खिशातून काढल्या.

अण्णा खुर्चीत चढले, पट्टा बांधला. लांगेंनी पंखा फिरवून इंजिन सुरू करून दिलं आणि बाजूला झाले. विमान ओल्या गवतातून बरंच लांब धावलं, कुंपणाच्या थोडं आधी उचललं गेलं, आणि वायव्येला वळलं. इतर वैमानिक जाताना पंख हलवून निरोप देत. अण्णांनी तसं काही केलं नाही. सरळ गेले. ते दिसेनासे होईपर्यंत लांगे आणि मी उभे होतो. उड्डाण करताना मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. पावसाळी उन्हाळा गेला, मग ऑक्टोबर आला.

विमान दंतवैद्याने विकलं. मेळावा आता दुसऱ्या गावी भरतो आणि तिथे गावांची नावं पुकारत नाहीत, नुसते विमानांचे क्रमांक. कऱ्हाडचा भाऊही गेला. अण्णांना जवळून ओळखणारे इथे आता मी आणि लांगे असे दोघेच आहोत. रविवारी मी त्यांच्याकडे जातो. इंजिनांपाशी आयुष्य काढल्यामुळे त्यांना आता ऐकू येत नाही, म्हणून आम्ही फारसं बोलत नाही.